गवत कापायच्या यंत्राची कुळकथा
(ऊस विकास विभागाकडून)



कारखान्याच्या अतिथिगृहापुढची हिरवळ आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वार्षिक सभेच्या दिवशी बरेच सभासद तिथेच बसून भाकरी सोडतात. त्या हिरवळीच्या कडेला पंपाच्या खोलीत हाताने ढकलायचे एक जुने गवत कापायचे यंत्र आहे. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्याचा आणि उसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हालाही गेल्या हंगामापर्यंत तो ठाऊक नव्हता.

झाले असे की, गेल्या हंगामात टोळ्या कमी आल्या. आमच्या गटातील एका जुन्या सभासदांचा, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, दोन एकरांचा फड तोडणी यंत्राला द्यायचे ठरले. तात्यांची इच्छा नव्हती. आम्हीच त्यांना भरीस घातले. "तात्या, एका दिवसात रान मोकळं होईल," असे आम्ही सांगितले आणि रान खरोखरच मोकळे झाले. पण खोडवा फुटायला लागला तेव्हा आमची मान खाली गेली. बुडखे चिंबलेले, काही वीतभर उंच राहिलेले, काही मुळासकट हललेले. सरीत जागोजाग तुटाळी. तात्या गट ऑफिसात आले. चहा घेतला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, यंत्रानं ऊस तोडला न्हाई, चघळला."

आम्हाला उत्तर सुचले नाही. ते सापडले अतिथिगृहाच्या माळीमामांजवळ.

मामांची परीक्षा

त्याच आठवड्यात आम्ही तिकडे गेलो तर मामा ते जुने यंत्र उलटे करून बसले होते. पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून रहाट उलटा फिरवत होते. मग पेस्ट पुसली, वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून पात्यांत धरली आणि रहाट हळूच फिरवला. कागद कात्रीने कापावा तसा कापला गेला. दुसऱ्या टोकाला मात्र कागद नुसता मुडपला. मामांनी बाजूचा स्क्रू थोडा आवळला आणि पुन्हा कागद धरला.

"एवढं कशाला मामा? गवतच तर कापायचं."

"साहेब, गवताला बी कळतंय. बोथट पात्यानं कापलं की दोन दिसांत शेंडं पांढरं पडत्यात. वढून तोडल्यावानी हुतंय. मग फूट बी जोरात येत न्हाई."

हे ऐकले आणि तात्यांचा फड डोळ्यांपुढे उभा राहिला. हिरवळ म्हणजे तरी काय? हरळी आणि ऊस हे दोन्ही तृणकुळातले, एकाच भावकीतले. ऊस आपण वर्ष-दीड वर्षाने तोडतो, हिरवळ आठ-पंधरा दिवसांनी. कापल्यावर बुडातून जे पुन्हा फुटते त्याला आपण खोडवा म्हणतो. त्या हिशेबाने हिरवळ म्हणजे कायमचा खोडवाच. मग हा खोडवा न दुखावता कापणारे यंत्र मुळात कोणी काढले आणि ते कसकसे बदलत गेले, हे पाहावेसे वाटले. ते पाहता पाहता आमची चूक कोठे झाली हेही कळले.

कापड गिरणीतून बागेत

या यंत्राचा जनक एडविन बडिंग नावाचा इंग्रज कारागीर. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. तिथल्या दऱ्यांत लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि लष्करी गणवेशाचे जाड कापड तिथे निघे. विणलेल्या कापडावर लोकरीची लव उभी राही. ती सारखी करण्यासाठी गिरणीत एक यंत्र असे: पिळाची पाती बसवलेला एक रहाट आणि त्याखाली एक स्थिर पट्टी. रहाट फिरला की लव या दोहोंच्या कात्रीत सापडून कापली जाई. बडिंगने हे पाहिले आणि त्याच्या मनात आले, कापडावरची लव अशी सारखी होते, तर जमिनीवरची का होऊ नये?

त्या काळी बागांतले गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापत. ते काम भल्या पहाटे दहिवर असताना करावे लागे, कारण वाळलेले गवत विळ्यापुढे लवते. आणि माणूस कसबी नसला तर हिरवळीवर टप्पे उमटत. बडिंगने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. जॉन फेराबी नावाच्या ओतकाम कारखानदाराने खर्च उचलला आणि थ्रप येथील आपल्या कारखान्यात यंत्रे ओतली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत ते लवकरच चालू लागले. तिथल्या मुकादमाचा अभिप्राय असा होता की, विळे-खराटे घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम हे यंत्र करते. बडिंग हा हुन्नरी गडी होता. आपल्या वर्कशॉपमध्ये मळसूत्राने लहान-मोठा होणारा जो पान्हा वापरतात, तशा पान्ह्याच्या घडणीतही त्याचा हात होता.

१८३२ साली इप्सविच गावच्या रॅन्सम्स कंपनीने हे यंत्र बनवण्याचा परवाना घेतला. ही मूळची नांगर करणारी मंडळी. त्यांच्या घराण्यातील रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली एक युक्ती काढली होती. फाळ ओतताना त्याची खालची बाजू झटकन गार करायची, म्हणजे ती कठीण होते. वरची बाजू मऊ राहते आणि आधी झिजते, म्हणून फाळाला आपोआप धार राहते. धारेचे मोल जाणणाऱ्यांच्या हाती हे यंत्र गेले, हे बरेच झाले.

तक्रार आधी, बदल मागाहून

बडिंगचे पहिले यंत्र १९ इंच रुंदीचे होते. मागे मोठा रूळ, त्यावर दातेरी चाके, त्या चाकांवरून पात्यांचा रहाट फिरे. मधल्या लहान रुळाने कापाची उंची कमी-जास्त होई आणि कापलेले गवत पुढच्या तबकात पडे. पण सगळे ओतीव लोखंड. एकजण मागून ढकली आणि पुढून ओढायला दुसऱ्यासाठी आणखी एक दांडा ठेवलेला असे. पहिली तक्रार वजनाची.

मोठ्या बंगल्यांच्या मालकांना रुंद यंत्र हवे होते. ते माणसांच्या आवाक्याबाहेरचे. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ गावच्या शँक्स यांनी १८४० च्या दशकात तट्टू जुंपायचे यंत्र काढले. त्यात नवीच अडचण निघाली. तट्टाच्या टापांनी हिरवळ उखडायला लागली. मग त्याच्या पायांत चामडी बूट घालू लागले! आपण बैलाला नाल मारतो, तिकडे घोड्याला बूट. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यंत्राचे वजन रानावर कसे पडते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दुसरी तक्रार आवाजाची. दातेरी चाकांचा खडखडाट फार होई. लीड्स शहरच्या टॉमस ग्रीन यांनी १८५९ साली रुळापासून रहाटापर्यंत साखळी बसवली. यंत्राचे नावच लॅटिनमध्ये 'सायलेन्स मेसर', म्हणजे मुका कापणारा, असे ठेवले.

तिसरी तक्रार आपल्याला अगदी समजण्यासारखी. पुढे रूळ असला की उंच गवत पात्यांत येण्याआधीच आडवे होते आणि रहाट त्याच्यावरून नुसता निघून जातो. पडलेल्या उसात काय होते ते आपण जाणतोच. यावर तोड निघाली ती अशी: पुढचा रूळच काढून टाकायचा. दोन बाजूंना दोन मोठी चाके, चाकांच्या आतल्या अंगाला दाते, त्या दात्यांवरून रहाट फिरवायचा आणि मागे उंचीपुरता एक हलका लाकडी रूळ ठेवायचा. यंत्र ओढून मागे आणताना पाती उलटी फिरू नयेत म्हणून आत खटका. अमेरिकेत अमरायाह हिल्स यांनी १८६८ साली फिरत्या रहाटाच्या यंत्राचे पेटंट घेतले. मँचेस्टरच्या फॉलोज अँड बेट यांचे 'क्लायमॅक्स' हे बाजूच्या चाकांचे यंत्र १८६९ साली निघाले. ते हलके आणि स्वस्त होते, एका माणसाला ढकलता येई. तोटा एकच, चाक बाहेर असल्याने अगदी कडेचे गवत राहून जाई. म्हणून खास हिरवळींसाठी रुळाची यंत्रे पुढेही चालूच राहिली. डर्बीच्या क्वालकास्ट कंपनीचे रुळाचे 'पँथर' १९३० च्या दशकात आले आणि कित्येक दशके खपत राहिले.

आपले यंत्र कोणत्या पिढीचे?

आता आपल्या पंपाच्या खोलीतले यंत्र पाहा. बाजूला दोन ओतीव चाके, त्यांच्या आत दाते, मागे लाकडी रूळ, पाच पाती. अक्षरे घासून गेली आहेत, पण चेहरा लपत नाही. हे बाजूच्या चाकांच्या घराण्यातले, म्हणजे १८६९ नंतरच्या वळणाचे. चाकांवर रबरी धाव नाही, नुसते लोखंड आहे.

मूळ यंत्रावर आपल्याकडेही बदल झालेच. मागचा रूळ मूळचा नाही, आपल्या सुताराने बाभळीचा करून दिला. दांड्याच्या जागी पाण्याचा पाइप आहे. एक पाते वर्कशॉपने वेल्ड करून बसवले आहे. कापलेले गवत गोळा करायचे तबक केव्हाच गेले. मामा म्हणतात, "गेलं ते बरंच झालं." गवताचे बारीक तुकडे तिथेच पडतात, कुजतात, आणि हिरवळीला त्यातला नत्र परत मिळतो. पाचट जाळू नका, सरीत राहू द्या, असे आम्ही दर हंगामाला सांगतो. त्याचीच ही धाकटी आवृत्ती.

वाफ, पेट्रोल आणि एक ओळखीचे नाव

लँकेशरमधील लेलँड गावच्या जेम्स सम्नर याने १८९३ साली वाफेवर चालणारे गवत कापायचे यंत्र पेटंट केले. ते फार जड आणि तापायला वेळ घेणारे, म्हणून टिकले नाही. पण सम्नर भागीदार होता त्याच कंपनीचे पुढे लेलँड मोटर्स असे नाव झाले, आणि आपल्या वजनकाट्यावर रोज ज्या अशोक लेलँडच्या गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या नावातला लेलँड तो हाच. १९०२ साली रॅन्सम्सने पेट्रोल इंजिनाचे यंत्र बाजारात आणले. १९२१ साली बर्मिंगहॅमचे 'ॲटको' निघाले. या ॲटकोवाल्यांनी एक शहाणपणा केला. यंत्र विकून ते थांबले नाहीत, तर दुरुस्तीची केंद्रे काढली. गवत न वाढण्याच्या दिवसांत यंत्र तिथे जाई आणि धार लावून परत येई.

इथपर्यंत इंजिन आले तरी कापण्याची रीत बडिंगचीच होती: पात्यांचा रहाट आणि खालची पट्टी. म्हणजे कात्री.

कात्री गेली, कोयता आला

पुढचा बदल मात्र मुळावरचा होता. कात्री सोडून द्यायची आणि एकच आडवे पाते जमिनीलगत भन्नाट वेगाने फिरवायचे. खाली पट्टी नाही, काही नाही. गवत उभे असते तेवढ्या आधारावर पाते त्याला सपकन मारते. हा कोयत्याचा घाव झाला. इंग्लंडमध्ये १९३३ साली 'रोटोसाइद' नावाचे असे यंत्र निघाले. पण त्याला घरोघर नेले ते ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या कॉन्कॉर्ड उपनगरातील मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांचा मुलगा शिकता शिकता लोकांची हिरवळ कापून पैसे मिळवी. त्याच्यासाठी बापाने आधी रहाटाची यंत्रे केली. मग १९५२ साली भंगारातल्या सामानातून नवीनच यंत्र जुळवले. छोटे इंजिन आडवे टाकले, त्याखाली फिरती पाती लावली, आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळाच्या फोडींचा रिकामा डबा बसवला. हेच ते 'व्हिक्टा'. उंच गवत, तण, ओबडधोबड जमीन, काही असो, ते चाले. त्याच्या पुढच्या घडणीत पाती चकतीला सैलसर बोल्टने लावलेली असत. दगड लागला की पाते मागे वळे, मोडत नसे, आणि झिजले की बदलता येई. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमन यांनी चाकेही काढून टाकली आणि हवेच्या गादीवर तरंगणारे 'फ्लायमो' केले.

चकतीला बोल्टने लावलेली पाती, हे वाचून काही आठवले का? ऊस तोडणी यंत्राच्या खाली पाहा. समोरासमोर फिरणाऱ्या दोन चकत्या आणि प्रत्येकीला बोल्टने बसवलेली चार-पाच पाती. त्याच ऑस्ट्रेलियात, बुंडाबर्ग गावच्या टॉफ्ट बंधूंसारख्या कारागिरांनी ऊस तोडणी यंत्रे घडवली. १९७० च्या दशकाअखेर क्वीन्सलँडमधला जवळजवळ सगळा ऊस यंत्राने तुटू लागला होता. त्यांचे 'ऑस्टॉफ्ट' हे नाव आपल्याकडच्या फडांतही परिचयाचे आहे.

चूक कोठे झाली?

बडिंगच्या यंत्रात रहाट चाकावरून फिरे. ढकलणारा भराभर चालला तर पातीही भराभर फिरत, सावकाश चालला तर सावकाश. चाल आणि काप यांचा हिशेब दातेरी चाकांनीच पक्का करून टाकलेला होता. माणसाने घाई केली म्हणून काप बिघडत नसे.

इंजिन आले, पाते फिरते झाले, आणि तो हिशेब सुटला. आता पाते किती वेगाने फिरते हे एक, आणि यंत्र किती वेगाने पुढे जाते हे दुसरे. पाती बोथट असतील किंवा गाडी जादा वेगाने हाणली, तर पात्याची धार पोचण्याआधी चकतीच बुडख्यावर आदळते. मग बुडखा कापला जात नाही, फाटतो. ओल जास्त असेल तर मुळासकट हलतो. रहाटाच्या यंत्रात जी काळजी दाते घेत, ती आता चालवणाऱ्याने घ्यायची. आणि तो घेतो की नाही, हे पाहणे आमचे काम होते.

खरे सांगायचे तर तात्यांच्या फडात आम्ही सकाळी नारळ फोडून निघून आलो. पाती पाहिली नाहीत. चालवणाऱ्याला टनावर पैसे, तो गाडी हाणणारच. रानात ओल होती, तेही आम्हाला दिसायला हवे होते. दोष निव्वळ यंत्राचा नव्हता, आमचाही होता. हे आम्ही तात्यांच्या घरी जाऊन सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग हे आधी का नाही केलं साहेब?" बरोबरच आहे.

यंत्राला फड देताना

तरीही यंत्र नको, असे आम्ही म्हणणार नाही. टोळ्यांचा भरवसा कमी झाला आहे आणि ऊस रानात वाळवत ठेवणे परवडत नाही. म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात आणि न भिता विचाराव्यात.

१) फडात शिरण्यापूर्वी चकतीची पाती पाहा. गोल झालेली, वाकलेली किंवा कमी असलेली पाती बदलूनच काम सुरू करायला सांगा. दिवसात मध्येही एकदा पाहा. दगडाच्या रानात पाती लवकर जातात.

२) पहिल्या दहा-बारा फुटांत गाडी थांबवा. खाली बसून बुडखे हाताने चाचपा. काप गुळगुळीत हवा. चिरलेला, पिंजलेला असेल तर वेग कमी करायला सांगा.

३) काप जमिनीलगत हवा. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, ती रानात ठेवून काय उपयोग? शिवाय उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून आलेले फुटवे मुळांवाचून दुबळे राहतात.

४) तोडणीआधी पाणी वेळेत तोडा. ओल्या रानात यंत्र घालू नका. त्या तट्टाच्या बुटांची आठवण ठेवा.

५) यंत्र यायचे असेल तर लागणीच्या वेळीच रुंद सरी, सारखी भर आणि दगड वेचलेले रान, याची तयारी करा. पडलेल्या उसाची जागा आधी दाखवा.

६) यंत्र गेल्यावर लगेच कोयता घेऊन राहिलेले उंच बुडखे छाटा. पाचट बुडख्यांवरून बाजूला सारून सरीत दाबा. तुटाळी दिसताच रोपांनी सांधा, उशीर केला तर मागची रोपे सावलीत जातात.

या हंगामात तात्यांनी अर्धा फड यंत्राला आणि अर्धा कोयत्याला द्यायचे कबूल केले आहे. अट एकच घातली आहे: "साहेब, शेवटच्या सरीपर्यंत तुम्ही बांधावर पाहिजे." आम्ही होय म्हटले आहे. पात्यांचा नवा जोड पंपाच्या खोलीत मामांच्या ताब्यात ठेवला आहे, म्हणजे ऐनवेळी सापडेल. दोन्हीकडचे फुटवे आणि तुटाळी तात्यांच्या समक्ष मोजून, निकाल कसाही आला तरी, याच पानावर देऊ.

अतिथिगृहाकडे आलात तर ते जुने यंत्र जरूर ढकलून पाहा. मामांना विचारून. पाती धारेवर आहेत, बोटे सांभाळा.

— ऊस विकास अधिकारी